एका हद्दीत बंदूक, दुसऱ्या हद्दीत गुन्हा

१९४० च्या आसपास कुंडलचा एखादा शेतकरी खांद्यावर बंदूक टाकून तासगावच्या बाजाराला निघाला असता, तर वाटेतल्या कुठल्याशा बांधावर कायद्याच्या लेखी त्याने ‘आयात’ केली असती. कुंडल औंध संस्थानात होतं आणि तासगाव ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याचं सहावं कलम सांगत होतं की समुद्रमार्गे असो वा जमिनीवरून, परवान्याशिवाय ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र आणायचं नाही आणि इथून बाहेरही न्यायचं नाही. कलम लिहिणाऱ्यांच्या नजरेपुढे बंदरं आणि वायव्येकडच्या खिंडी असणार. पण संस्थानी मुलूख म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे, ही त्यांचीच मांडणी. त्यामुळे अलीकडे शाळू, पलीकडे शाळू आणि मधला बांध म्हणजे चक्क परमुलखाची वेस.

असे बांध या भागात पावलोपावली होते. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान. शेजारचं मिरज थोरल्या पातीचं. सांगलीहून तासगावच्या वाटेला लागलं की दोनेक कोसांवर बुधगाव, ती मिरज धाकट्या पातीची राजधानी. पुढे तासगाव साहेबाचं, त्यापुढे कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींचं, विटा पुन्हा साहेबाचं, आटपाडी पुन्हा औंधाची आणि पूर्वेला जत डफळ्यांचं. एकट्या सांगली संस्थानचे सहा तालुके होते: मिरजप्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी. त्यातलं मंगळवेढं सोलापूरच्या बाजूला, शहापूर बेळगावला चिकटलेलं, शिरहट्टी थेट धारवाडाकडे. एका राजाचा मुलूख, पण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर मध्ये इतरांची राज्यं ओलांडावी लागत. हा नकाशा कुणी मुद्दाम आखला नव्हता. पेशवाईतल्या सरंजामांच्या वाटण्या, भाऊबंदकी, दत्तकविधानं आणि कंपनी सरकारचे तह यांतून तो साचत गेला.

खुद्द सातारा हेही १८४८ पर्यंत संस्थानच होतं. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला धाडलं, त्यांचे बंधू शहाजी १८४८ मध्ये वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. रिकाम्या हाताने परतल्यावर त्यांनी जी जुळवाजुळव केली, ती १८५७ मध्ये फुटली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड देण्यात आला. काहींना फाशी, काहींना गोळ्या घालून, काहींना तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता. रंगो बापूजी मात्र हाती लागले नाहीत ते नाहीतच.

आणि त्याच सप्टेंबरात सरकारने शस्त्रं काढून घेण्याचा कायदा केला. १८५७ चा अठ्ठाविसावा कायदा. हत्यारं नोंदवा, परवाना घ्या, नाहीतर जमा करा.

त्याचा पहिला मोठा भडका उडाला तो सांगलीच्या आग्नेयेला, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातल्या हलगली गावात. हलगलीचे बेरड म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हत्यार बाळगून राखण करणारे, शिकार करणारे लोक. त्यांच्या लेखी तलवार आणि ठासणीची बंदूक ही घरातली वस्तू होती, जात्यासारखी. मुधोळच्या दरबारातून नोंदणीचा हुकूम सुटला. बेरडांनी तो मानला नाही. आसपासच्या गावांतलेही लोक हलगलीत येऊन मिळाले. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस इंग्रज फौजेने गावाला वेढा घातला, घरं पेटवली. पुष्कळ माणसं जागीच मेली, पकडलेल्यांपैकी १९ जणांना पुढच्या महिन्यात फासावर चढवलं. कानडी मुलखात या लढ्याची लावणी गायली जाते. मराठी इतिहासलेखनात हलगलीला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, असं मला वाटतं. वास्तविक परवान्याच्या कागदापायी गाव लढल्याचं इतकं उघड उदाहरण या टापूत दुसरं नाही. पुढच्या मे महिन्यात नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले. त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला मारलं आणि जूनमध्ये त्यांना बेळगावला फाशी झाली. दत्तक नाकारल्याचा राग त्यामागे होताच, पण तोफा आणि दारूगोळा सरकारजमा करण्याचा तगादाही होता.

१८६० मध्ये आणखी एक कायदा झाला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने अकरावा कायदा आणला. तो थेट १९६२ पर्यंत टिकला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही लिटनचा आणि त्याच वर्षीचा. हत्यारांच्या कायद्याखालच्या नियमांत गोऱ्यांना परवान्यातून सूट होती. संस्थानिकांना, बड्या पदव्या मिळालेल्यांनाही सूट. ज्याच्या शेतात रानडुकरं शिरतात त्याने मात्र मामलेदार कचेरीत अर्ज घेऊन उभं राहायचं. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे ज्या ११ मागण्या ठेवल्या, त्यांतली शेवटची स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत ही होती. अहिंसेच्या पुजाऱ्याने ही मागणी केली याचं अनेकांना आजही नवल वाटतं. गांधींना ते वाटलं नव्हतं. शस्त्र असूनही न उचलणं आणि शस्त्रच हिसकावून घेतलेलं असणं यांतला फरक त्यांना नीट कळत होता.

१८७८ च्या कायद्याची एक बाजू फारशी कुणी सांगत नाही. एकोणिसावं कलम बेकायदा शस्त्र बाळगण्याबद्दल ३ वर्षांपर्यंत कैद सांगे. पण विसावं कलम म्हणे, हाच गुन्हा सरकारी माणसाला कळू नये अशा बेताने लपूनछपून केला असेल, तर ७ वर्षांपर्यंत. बंदूक बाळगण्यापेक्षा लपवणं दुपटीहून महाग. आणि हे तसं समजण्यासारखं आहे. खांद्यावरची लांब नळीची बंदूक साऱ्या गावाला दिसते, कुणाची कुठली ते पाटलाला ठाऊक असतं. पिस्तुलाचं तसं नाही. ते सदऱ्याआड मावतं. १९०९ साली लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईत आली आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नाटकाला येणाऱ्या माणसाच्या खिशात काय आहे हे दारावरच्या शिपायाला कळलं नाही, यातच पिस्तुलाबद्दलची सरकारची सगळी धास्ती आली.

आता पुन्हा सातारा जिल्ह्यात येऊ, १९४२ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हाच्या जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके होते. ‘चले जाव’नंतर इथे मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले: कराड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर. हातांत तिरंगे, हत्यार नाही. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीसमोर पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे आणि त्यांच्यासह आणखी ८ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात दोघे गेले. त्यातले एक किर्लोस्करांच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या.

या दोन दिवसांनी चळवळीची दिशा फिरवली. नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, किसन वीर, वसंतदादा पाटील ही मंडळी भूमिगत झाली आणि पुढच्या काही महिन्यांत प्रतिसरकार उभं राहिलं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. गावोगाव न्यायनिवाडा, सावकारांना आणि गुंडांना चाप, हुंड्याविना लग्नं, हे सगळं त्यात होतं. पण हे सरकार चालवायला हत्यार हवं होतं आणि प्रश्न होता ते आणायचं कुठून.

काही पोलिसांकडून हिसकावलं गेलं. काही विकत घेतलं, त्यासाठी गोव्याची वाट होती. तिथे पोर्तुगिजांचं राज्य, इंग्रजांचा १८७८ चा कायदा तिथे चालत नव्हता. मुंबई इलाख्यात ज्या पिस्तुलासाठी वर्षानुवर्षं तुरुंग, ते गोव्याच्या बाजूला पैसे मोजले की मिळण्यासारखं होतं. पुढचं सगळं काम ते घाटावर चढवण्याचं. पैशांसाठी सरकारी खजिनाच लुटायचा असं ठरलं. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ रोजी तर हे लोक थेट खानदेशात गेले आणि चिमठाण्याजवळ धुळ्याचा खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात. एवढी रोकड घेऊन दोन-तीनशे मैलांवरच्या आपल्या मुलखात परत पोचायचं होतं, आणि ती पोचली.

कुंडल हे या सगळ्याचं ठाणं. प्रतिसरकारच्या तुफान सेनेची शिबिरं तिथे भरायची. कुंडलच का, याचं उत्तर पुन्हा त्या बांधाशी येतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून जुन्या पिढीला आठवतील) यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी घटना लागू केली होती. गावं पंचायती चालवत होत्या. सातारच्या पोलिसांना औंधच्या हद्दीत शिरून परस्पर धरपकड करणं सोपं नव्हतं. कागद कोल्हापूरच्या रेसिडेंटमार्फत फिरायचे आणि कागद फिरेपर्यंत माणूस पुढच्या संस्थानात गेलेला असायचा. रेल्वेही सोयीची. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनाला पूर्वी कुंडल रोड म्हणत. रात्री ब्रिटिश हद्दीत काम उरकायचं, पहाटे बांध ओलांडून औंधात यायचं. ज्या तुकड्यातुकड्यांच्या नकाशाने प्रजेला शंभर वर्षं छळलं, तोच आता कामी आला.

संस्थानं म्हणजे आश्रयस्थानंच, असा मात्र कुणी अर्थ घेऊ नये. वसंतदादा जून १९४३ मध्ये पकडले गेले ते सांगलीतच आणि त्यांना ठेवलं तेही सांगली संस्थानच्या तुरुंगात, गावाच्या मध्यावरच्या गणेशदुर्ग किल्ल्यात. भोवती खंदक, पलीकडे पेठा, त्यापुढे कृष्णा. २४ जुलैला दिवसाढवळ्या दादा आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांना गाठून त्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या, तटावरून खाली उड्या टाकल्या आणि खंदक ओलांडून गावातून नदीच्या दिशेने पळत सुटले. आषाढातली कृष्णा, दोन्ही थड्या भरून. मागून पोलीस. बाबूराव जाधव आणि अण्णासाहेब पत्रावळे मारले गेले. वसंतदादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. संस्थानी शिपायांच्या हातून हिसकावलेल्या बंदुका संस्थानी शिपायांवरच रोखल्या गेल्या आणि हे सगळं ज्या राज्यात घडलं, ते कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेर होतं.

नागनाथअण्णांनी पुढच्या वर्षी १० सप्टेंबरला सातारचा तुरुंग फोडला. गांधीजींनी १९४४ मध्ये सुटकेनंतर भूमिगतांना उघड व्हायला सांगितलं, तेव्हा सातारकरांतल्या बहुतेकांनी ते ऐकलं नाही. ज्या हत्यारांनी बळ दिलं ती त्रासही देत होती. प्रतिसरकारच्या नावावर दरोडे घालणारेही निघाले आणि त्यांचा बंदोबस्त करण्यात या लोकांची बरीच शक्ती गेली. २५ फेब्रुवारी १९४६ रोजी वारणेच्या खोऱ्यात पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि त्यांच्या बरोबरचे नानकसिंग धारातीर्थी पडले. स्वातंत्र्य तेव्हा दीड वर्षावर आलं होतं. मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ परतलं, वॉरंटं उठली, नाना पाटील लोकांत आले. लपवलेली हत्यारं मात्र लगेच कुणी कचेरीत नेऊन दिली नाहीत. त्यांतली काही पुढे निजामाच्या हद्दीत हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या कामाला लागली. पुन्हा एक वेगळी हद्द, पुन्हा वेगळा कायदा.

मार्च १९४८ मध्ये दख्खनची संस्थानं विलीन झाली. १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली ठेवलं गेलं. बांधावरच्या सगळ्या वेशी गेल्या. पण इंग्रजांचा हत्यार कायदा राहिलाच. नवा शस्त्र कायदा १९५९ मध्ये संसदेत मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. कुऱ्हाड-कोयत्याला आता सरसकट परवाना लागत नाही. एखाद्या टापूत गरज वाटली तर केंद्र सरकार अधिसूचना काढून तो लावू शकतं. बंदुकीला आणि पिस्तुलाला मात्र सगळीकडे परवाना. १९६६ ते १९७० या काळात हा कायदा राबवणारं केंद्रीय गृहखातं कराडच्या यशवंतराव चव्हाणांकडे होतं. १९४२ मध्ये ज्यांना पकडून देणाऱ्याला इनाम लावलं होतं, ते हेच यशवंतराव.

कायदा देशभर एक असला तरी अनुभव एक नाही. पुण्यात आणि सोलापूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी म्हणून. पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो: जिवाला धोका खरा आहे का, गुन्हे दाखल आहेत का, घरात हत्यार सुरक्षित राहील का. या तीन प्रश्नांवर कुठला अधिकारी किती ताणून धरतो, यावर परवान्याचं भवितव्य ठरतं. एका जिल्ह्यात ज्याला ‘धोका’ म्हणतात त्याला दुसऱ्यात ‘हौस’ म्हणून निकाली काढतात. परवान्यावर क्षेत्राचा रकाना असतो. जिल्हा, राज्य की सारा देश, ते तिथे लिहिलेलं असतं आणि ती शाईची रेघच तुमची हद्द. महाराष्ट्रापुरता परवाना असलेला मिरजेचा माणूस रिव्हॉल्वर घेऊन म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेला की तो परवाना नसलेला माणूस. तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी या सांगलीकर पटवर्धनांच्या जुन्या तालुक्यांना त्याच्यासोबत हत्यार जाऊ शकत नाही, कारण ते आता कर्नाटकात आहेत.

हत्यार कोणतं, यालाही मर्यादा आहे. लष्कर-पोलिसांची काडतुसं ज्यात बसतात ती नऊ एमएमसारखी पिस्तुलं सामान्यांना वर्ज्य. म्हणून परवानाधारकाच्या कमरेला बहुधा पॉइंट थ्री टू दिसतं. खरं तर दिसता कामा नये. २०१६ च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते कातडी म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे, अशी अट घातली आहे. मिरवणं, रोखणं, वरातीत बार काढणं हे गुन्हे. इंग्रजांच्या काळी लपवण्याची शिक्षा दुपटीहून जास्त होती, आता परवानाधारकाने दाखवलं तर तो अडचणीत. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. गावच्या जत्रेत शर्टाबाहेर काढलेल्या पिस्तुलाने जेवढी भांडणं सुरू केली असतील तेवढी मिटवली नसतील.

अमेरिकेत याच मुद्द्यावर राज्याराज्यांत वाद आहे. व्हरमाँटने पिस्तूल लपवून नेण्याला कधीच परवाना लावला नाही, तर न्यूयॉर्क १९१३ पासून सबळ कारण मागत होतं. २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. तिथे शस्त्र हा हक्क मानतात, आपल्याकडे ती सरकारने दिलेली सवलत. पण सवलतीतही आपल्याकडे एक जुना अपवाद शिल्लक आहे. कोडगूच्या कोडवांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना इंग्रजांनी १८६१ मध्ये परवान्यातून मोकळं केलं, कारण ते राजनिष्ठ राहिले होते. स्वतंत्र भारताने ती सूट चालू ठेवली. २०१९ च्या अधिसूचनेने ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आहे. ज्या हिशेबाने हलगलीचं गाव जाळलं, त्याच हिशेबाच्या दुसऱ्या पानावर कोडगूची सूट लिहिलेली होती. पहिलं पान इंग्रजांबरोबर गेलं, दुसरं अजून चालू आहे.

निवडणूक आली की सातारा-सांगलीत परवानाधारकांना बोलावणं येतं: हत्यार ठाण्यात जमा करा, पावती घ्या. सरसकट सगळ्यांची हत्यारं गोळा करू नका, छाननी करून ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचीच घ्या, असं उच्च न्यायालयाने बजावल्यापासून जिल्ह्याजिल्ह्यांत छाननी समित्या बसतात. त्यांतही कुठे यादी लांबते, कुठे आखडते.

२०१९ च्या डिसेंबरात कायदा आणखी आवळला. एका माणसाच्या नावावर तीनऐवजी दोनच हत्यारं, परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षं. मूळ विधेयकात एकच हत्यार होतं, संसदेतल्या ओरडीनंतर दोन झालं. तिसरं वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं होतं आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही या मोजणीत धरल्या होत्या. जुन्या वाड्यांतून आजोबांची दुनळी, वडिलांची बारा बोअर आणि स्वतःचं रिव्हॉल्वर अशी तिन्ही असतात. कुठलं द्यायचं यावर घराघरांत बोलणी झाली. बहुतेकांनी रिव्हॉल्वर ठेवलं असणार, कारण जिवाला धोका आहे असं अर्जात लिहून दिलेलं असतं आणि नूतनीकरणाच्या वेळी तो धोका पुन्हा दाखवावा लागतो.